‘बिघाड’चं एकमेव रेकॉर्डिंग

मास्तरने माझ्या मेलेल्या भावाला दुरुस्त करून ठेवलं होतं, आणि वर त्याची अपेक्षा होती की मी त्याचे आभार मानावेत.

“डोळे मिटून ऐक,” तो म्हणाला.

डोळे मिटून ऐका म्हणणाऱ्या माणसांचं आणि माझं कधी जमलं नाही. मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शेजारी बसून लोकांना ‘डोळे उघडे ठेवा’ म्हणून ओरडायचं हाच माझा धंदा. तरी मिटले. तळघरातला त्याचा स्टुडिओ, भिंतींना गालिचे, वर पंखा नाही कारण पंख्याचा आवाज येतो. सोफ्यावर माझ्याशेजारी डॉक्टर बसला होता. डॉक्टर म्हणजे गुराढोरांचा. सकाळी कुठल्यातरी गाईचं अडलेलं वासरू काढून तो तसाच आला होता आणि त्या बंद खोलीत त्याच्या शर्टाला जंतुनाशकाचा वास येत होता. मास्तर नाक मुरडत होता, पण बोलत नव्हता. आज त्याला आमच्याकडून होकार हवा होता.

त्याने बटण दाबलं आणि आमचा कार्यक्रम सुरू झाला.

आमच्या बँडचं नाव ‘बिघाड’. पंचविशीत आम्ही चौघांनी तो काढला होता. मास्तरची गिटार, डॉक्टरचा बेस, माझे ड्रम आणि माझ्या धाकट्या भावाचा पलंग. पलंग म्हणजे खरोखरच पलंग. भंगारातून आणलेली लोखंडी खाट, तिला आडव्या-उभ्या तारा ताणलेल्या, खाली लोहचुंबकं बसवलेली. धाकटा ती पान्याने वाजवायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे पाने त्याच्याकडे ढिगाने होते. त्या खाटेतून जो आवाज निघायचा तो ऐकून काही लोक उठून जायचे आणि काही लोक पुढच्या रांगेत येऊन बसायचे. आम्हाला दोघांचाही अभिमान वाटायचा.

आणि बिघाडचा एक नियम होता. तो आम्ही बसून ठरवलेला नव्हता. एकदा तालमीत धाकटा चुकला, ठोका उशिरा पडला. मास्तर नेहमीप्रमाणे त्याच्यावर डाफरला. मास्तर हे नाव त्याला उगाच पडलेलं नाही, त्याला विसाव्या वर्षापासून सगळ्यांच्या वह्या तपासायची खोड. धाकटा हट्टाला पेटला. त्याने तोच चुकीचा ठोका पुन्हा मारला, पुन्हा मारला, मुद्दाम मारत राहिला. डॉक्टरला हसू आलं आणि तोही त्या चुकीत जाऊन मिसळला. मग मी गेले. शेवटी मास्तरसुद्धा आला. चौघं एकत्र चुकायला लागल्यावर ती चूक राहिलीच नाही, ते आमचं सगळ्यात झकास गाणं झालं.

तेव्हापासून तोच नियम. जो चुकेल त्याने ती चूक वाजवत राहायचं. बाकीच्यांनी हातातलं सोडून त्याच्याकडे यायचं. चौघं जमले की चुकलेल्याने हात वर करायचा आणि मग सगळ्यांनी मिळून पुढे जायचं. धाकटा पाना वर करायचा. चुकलेल्याला एकटं सोडायचं नाही, एवढंच. याहून मोठं तत्त्वज्ञान आमच्याकडे नव्हतं.

पुढे मास्तर साबणाच्या जाहिरातींना संगीत देऊ लागला आणि बँड मोडला. आमची भांडणं झाली, ती मिटली, केस पिकले. धाकट्याला पहिला झटका आला तेव्हा त्याची उजवी बाजू जड झाली आणि बोलणंही. दवाखान्यातून घरी आल्यावर त्याने मला पहिली गोष्ट सांगितली ती ही, “ताई, एकदा वाजवू या.”

मी म्हटलं, शिंगं मोडून वासरात शिरायचं वय आहे का आपलं? पण मास्तरला फोन मीच केला.

तालमी छान झाल्या. धाकट्याचा हात मागे पडायचा, सारखा पडायचा, आणि आम्ही तिघं सारखे त्याच्याकडे जायचो. मास्तरसुद्धा. दर वेळी. धाकटा पाना वर करायचा, तोंडाच्या ज्या बाजूने हसता येत होतं त्या बाजूने हसायचा. त्या दिवसांत मी मास्तरला मनातल्या मनात सगळं माफ केलं होतं. हे मी लिहून ठेवते आहे, कारण आता ते परत घेतलेलं आहे.

कार्यक्रम झाला आमच्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात. पूर्वी आम्ही तिथे वाजवायला चोरून शिरायचो, आता तिथे चित्रांची प्रदर्शनं भरतात आणि दारात कॉफी मिळते. मास्तरच्या ओळखीचे पुष्कळ लोक आले होते. त्याच्या सांगण्यावरून दारातच सगळ्यांचे मोबाईल काढून घेतले. “एकदाच होणार, पुन्हा नाही. रेकॉर्डिंग एकच असलं पाहिजे,” असं त्याचं म्हणणं. तेव्हा मला ते फार भारी वाटलं होतं. एकच रेकॉर्डिंग, आणि ते मास्तरच्या यंत्रात.

तेच आता मी डोळे मिटून ऐकत होते. आणि चौथ्या गाण्यात माझा भाऊ घड्याळासारखा वाजत होता.

टण. टण. टण. एकही ठोका मागे नाही, एकही पुढे नाही. मी डोळे उघडले. धाकटा धडधाकट असतानाही आयुष्यात कधी असा वाजला नव्हता. त्याचा ठोका नेहमी दारात जरा घुटमळून मग घरात यायचा, आणि मी पहिल्यापासून त्या घुटमळण्यावर ड्रम वाजवत आले होते. इथे ते घुटमळणंच कुणीतरी कापून टाकलं होतं. आणि ज्या ठिकाणी तो त्या दिवशी चुकला होता ते ठिकाण तर आलंच नाही. गाणं गुळगुळीतपणे पुढे सरकलं.

“कुठं गेलं ते?” मी विचारलं.

“काय?”

“तो चुकला होता ते.”

मास्तरने खुर्ची आमच्याकडे वळवली. चेहऱ्यावर दुखवट्याला आलेल्या माणसाचा भाव. “अगं, तेच तर काढलं. एकेक ठोका उचलून जागेवर बसवलाय मी. किती दिवस घालवलेत त्यात, तुला कल्पना नाही. लोकांनी त्याला तसं ऐकावं असं वाटतं का तुला? अडकलेला? वहिनींना पाठवलं मी हे. रडल्या. म्हणाल्या, हे आजारी वाटतच नाहीत.”

“तिला तसं वाटू दे. तिने त्याला उचलून आंघोळ घातली आहे. तुझा काय संबंध?”

“उद्या हे छापायला जाणार आहे. त्याच्या नावाने तबकडी निघतेय, आणि तू...”

“त्याच्या नावाने आणि त्याच्याशिवाय!” मी ओरडले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. “हा माझा भाऊ नाहीये. हा तुझा साबण आहे!”

डॉक्टर मूग गिळून बसला होता. त्याची ती सवयच. गाई-म्हशींमध्ये राहून माणसांशी बोलायचं तो विसरत चालला आहे असं मी त्याला नेहमी चिडवते.

कार्यक्रमातला तो प्रसंग मी कसा विसरेन? चौथ्या गाण्यात धाकट्याचा ठोका चांगलाच मागे पडला. त्याने नियमाप्रमाणे तोच वाजवायला सुरुवात केली. मी गेले. डॉक्टर आला. आता पाना वर होईल म्हणून मी वाट बघत होते. पाना वर झाला नाही. तो वाजवतच राहिला, वाजवतच राहिला. माझ्याकडे त्याची पाठ होती. त्याचं तोंड मास्तरच्या दिशेला होतं. समोरचे लोक चुळबुळायला लागले. कुणीतरी दयेपोटी टाळी वाजवली, आणि ती टाळी मला थोबाडीत मारल्यासारखी लागली. मला वाटलं, संपलं, ह्याचं डोकं त्या एका ठोक्यात रुतलं, आता हा बाहेर यायचा नाही. मी जोरात ड्रमचा गडगडाट केला आणि गाणं ओढून पुढे नेलं. धाकटा थांबला. पुढचं सगळं त्याने नीट वाजवलं, पण एकदाही हसला नाही.

परतताना गाडीत तो म्हणाला, “मी थांबलो होतो, ताई. मास्तरसाठी. खूप वेळ.”

कार्यक्रमानंतर मास्तर त्याच्या ओळखीच्या लोकांत फोटो काढत होता आणि आम्ही त्याला न भेटताच निघालो होतो. मला वाटलं तो त्याबद्दल बोलतोय. “असू दे रे,” मी म्हटलं, “तो गडबडीत होता.” धाकट्याने नकारार्थी मान हलवली, काहीतरी आणखी सांगायला गेला, शब्द जुळेना, आणि मग तो खिडकीतून बाहेर बघत बसला. दोनेक महिन्यांनी दुसरा झटका आला. त्यातून तो उठला नाही.

“मूळचं लाव,” मी मास्तरला म्हटलं.

“कशाला त्रास करून घेतेस?”

“माझा त्रास मी बघीन. लाव.”

“त्यात ऐकण्यासारखं काही...”

“मास्तर,” डॉक्टर म्हणाला, “लाव की.”

मास्तरने लावलं. उगाच माऊस इकडेतिकडे फिरवला, दोन-चार ठिकाणी टिचक्या मारल्या, आणि लावलं. आणि माझा भाऊ त्या खोलीत आला. घुटमळत, अडखळत, त्या जड हाताने. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो आनंदच. तो चुकला. पुन्हा तेच वाजवायला लागला. माझे ड्रम त्याच्याकडे गेले. बेस गेला. तिघंच. ठोक्यामागून ठोका.

“तुझी गिटार कुठंय?” मी विचारलं.

“तिथे नव्हतो मी वाजवत.”

“कार्यक्रमात तू हात बांधून उभा होतास?”

खरं सांगते, मला माहीत नव्हतं. ड्रमच्या मागे बसलेल्या माणसाला सगळं ऐकू येतं हा लोकांचा गैरसमज आहे. त्या दिवशी माझ्या पायाशी जो स्पीकर होता त्यात मी फक्त पलंग आणि बेस मागून घेतला होता. धाकट्याच्या हाताची काळजी होती, दुसरं काही कानावर नको होतं.

डॉक्टरने चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याकडे बोट केलं. पडद्यावर आमच्या चौघांच्या चार पट्ट्या होत्या, प्रत्येकीवर नाव. “मास्तर, तुझ्या पट्टीवर तो लाल दिवा कसला? आमच्यावर नाहीये.”

मास्तर ती पट्टी पडद्याच्या खाली सरकवू लागला.

“आवाज बंद केलाय ना तू तुझा?” डॉक्टर शांतपणे म्हणाला. “आत्ता केलास. मी बघत होतो.”

मी उठले, माऊस त्याच्या हातातून हिसकावला आणि तो लाल दिवा विझवला. गाणं मागे ओढलं.

आता चौघं वाजत होतो. धाकटा चुकला. मी गेले, डॉक्टर गेला. गिटार सरळ पुढे चालली होती. अगदी बरोबर, अगदी तालात, इस्त्री केलेल्या कपड्यासारखी. धाकटा ठोका मारत होता आणि ठोक्याठोक्याला तो जोर वाढवत होता. पुढच्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तसा. ये. ये ना. गिटार आली नाही. त्याने आणखी जोरात मारलं. आणि मग मला जे ऐकू आलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. गिटारचा आवाज वाढला. मास्तरने तिथे, त्या क्षणी, माझ्या भावाला झाकण्यासाठी स्वतःचा आवाज वाढवला होता.

धाकटा अडकला नव्हता. त्याचं डोकं शाबूत होतं, आमच्या सगळ्यांपेक्षा शाबूत. चौघं जमल्याशिवाय पाना वर करायचा नाही, हे एवढं एकच तो करत होता. तो थांबला होता. मास्तरसाठी. खूप वेळ. गाडीत तो मला तेच सांगत होता आणि मी त्याला ‘असू दे रे’ म्हटलं.

“तुला माहीत होतं,” मी म्हटलं. “तो तुझ्याकडे बघत होता. तुला तेव्हाही माहीत होतं आणि आताही. त्याची चूक नाही झाकलीस तू. स्वतःचं तोंड झाकलंस.”

“मला वाटलं तो अडकलाय...”

“मग जायचं त्याच्याकडे! नियम कशासाठी होता?”

“तालमीत गोष्ट वेगळी असते!” आता मास्तरही ओरडला. “समोर माणसं होती. माझ्या धंद्यातली माणसं. त्यांना आपला नियम माहीत नव्हता. त्यांना वाटलं असतं, मलाही आता वाजवता येत नाही. सगळं कोसळत होतं, कुणीतरी उभं राहायला नको होतं का?”

“नको होतं,” डॉक्टर म्हणाला.

मला मास्तरच्या कानशिलात द्यायची होती. हात शिवशिवत होते. त्याऐवजी मी कोपऱ्यातली त्याची गिटार उचलली आणि त्याच्या मांडीवर आदळली.

“जा आता.”

“काय?”

“त्याच्याकडे जा. तेव्हा गेला नाहीस, आता जा.”

त्याने डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं नाही. मास्तरने वायर जोडली, सूर लावले. मी त्याच्या जुन्या गिटारची पट्टी बंद केली आणि गाणं सोडलं.

धाकट्याचा ठोका मागे पडला. तो तेच वाजवू लागला. मी गेले. डॉक्टर गेला. आणि मास्तर गेला. चांगला गेला, मला मान्य केलं पाहिजे. तसाच उशिरा, तसाच जड, धाकट्याच्या खांद्याला खांदा लावून. चार जण चुकत होतो आणि तो आवाज, तो बर्फाच्या कारखान्यातला आमचा जुना आवाज, त्या गालिच्यांच्या खोलीत उभा राहिला. डॉक्टरने तोंडावर हात ठेवला.

पण धाकटा थांबेना. तो मारतच राहिला, जोर वाढवतच राहिला. मास्तर स्पीकरकडे बघत वाजवत होता. “आलो,” तो म्हणाला. “आलो रे. आलोय मी.” त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. धाकट्याला ते ऐकू जाण्याचा काही मार्ग नव्हता. तो त्याला हाका मारत राहिला, मारत राहिला, आणि मग माझा तो गडगडाट आला आणि त्याला गाडून पुढे गेला. माझ्या स्वतःच्या हातांचा मला इतका तिटकारा कधी आला नव्हता.

मी गाणं बंद केलं. मास्तर बाहीने डोळे पुसत होता. माझा राग एका क्षणासाठी उतरला. जुना सोबती, म्हातारा होत चाललेला, हुंदके देतोय. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाले.

तो पडद्याकडे बघत होता. नाक ओढून म्हणाला, “हे रेकॉर्ड झालंय.”

“काय?”

“आत्ता वाजवलं ते. यंत्र चालू होतं. अगदी जागेवर पडलंय.” त्याचा आवाज भराभर चालू लागला होता. “हे तिथे बसवता येईल, जुन्याच्या जागी. त्याचे ठोके मी मूळचेच ठेवतो, तू म्हणशील तसे, एकालाही हात लावत नाही. फक्त गिटार बदलू. तो चुकला आणि आपण तिघं गेलो. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

मी खाली वाकले आणि त्याच्या गिटारची वायर भिंतीतून उपटली. स्पीकरमधून एक घाणेरडा आवाज आला.

“कळलं पाहिजे,” मी म्हटलं. “पूस ते. माझ्यासमोर पूस. मूळचं जाईल. पहिल्यापासून शेवटपर्यंत, तो थांबला ते सगळं, मी त्याला गाडलं तेही. तू गेला नव्हतास.”

मास्तर माऊसकडे वळला. मग त्याने पुसलं. मूळचं गाणं पुढे ओढलं, आणि माऊसवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता विचारलं, “निदान माझा आवाज थोडा कमी करू?”

“नाही. तू वाढवला होतास तेवढाच ठेव.”

डॉक्टर सोफ्यावरून उठला, एक खुर्ची ओढून मास्तरच्या डाव्या बाजूला बसला. मी उजव्या बाजूला बसले. सगळं छापायला रवाना होईपर्यंत आम्ही दोघंही त्याच्याजवळून हललो नाही.